देव नाहीच असं धरलं तर पूजा कुणाची? यज्ञवाल्यांनीच दिलेलं उत्तर

गणपतीच्या दिवसांत फॅमिली ग्रुपवर हा वाद ठरलेला असतो. एखादा भाचा लिहितो की देव वगैरे काही नसतं, मग मामा विचारतो की काल आरतीला टाळ्या कोण वाजवत होतं आणि मोदक किती हाणलेस ते पण सांग, मग मावशी हात जोडल्याचे इमोजी टाकते आणि विषय संपतो. पण नीट बघितलं तर भाचा आणि मामा यांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे. दोघंही धरून चालतात की पूजा म्हणजे समोरच्याला काहीतरी पोचवणं. खिडकीपलीकडे साहेब बसलाय, आपण अर्ज घेऊन रांगेत उभे आहोत, साहेब असेल तर रांगेला अर्थ आणि नसेल तर घरी जा. भांडण फक्त साहेब आहे की नाही एवढ्याचंच.

हे जे दोघांनी धरून ठेवलंय ना, ते आपल्याकडे फार पूर्वी मोडीत काढलं गेलंय. आणि ते काढणारे चार्वाक नव्हते, बौद्ध नव्हते, विवेकवादी तर नव्हतेच. ते होते पूर्वमीमांसक, म्हणजे यज्ञ कसा करायचा याचा कीस पाडणारे सगळ्यात कट्टर वैदिक पंडित. ज्यांचं आयुष्य आहुत्या मोजण्यात गेलं तेच लोक म्हणत होते की आहुती घ्यायला पलीकडे कुणी बसलेलं नाही. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा जरा चक्रावायला होतं.

मीमांसा हे शास्त्र मुळात वाक्यांचा अर्थ लावायचं. वेदांत यज्ञाबद्दल ढीगभर वाक्यं आहेत, त्यातलं कुठलं आज्ञा आणि कुठलं नुसती स्तुती, दोन वाक्यं एकमेकांशी भांडली तर कुणाचं ऐकायचं, एक वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी चालते का, असे प्रश्न. जैमिनीची सूत्रं हा याचा मूळ ग्रंथ, 12 अध्यायांचा, सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा. त्यावर काही शतकांनी शबरस्वामीने भाष्य लिहिलं, आणि 7 व्या शतकात कुमारिल भट्ट आणि प्रभाकर या दोघांनी त्यातून दोन वेगळे पंथ काढले.

आता नवव्या अध्यायात एक प्रश्न येतो. यज्ञात मुख्य कोण, देवता की कर्म? आधी विरोधी बाजू मांडायची आणि मग ती खोडायची अशी या ग्रंथांची पद्धत असते, आणि विरोधी बाजू अगदी जोरात मांडतात, उगाच बुजगावणं उभं करत नाहीत. तर विरोधक म्हणतो, देवता ही पाहुण्यासारखी आहे. आपण जेवण करतो ते पाहुण्यासाठी, तेव्हा मुख्य पाहुणा, जेवण नंतर. देवतेला शरीर आहे, ती आहुती खाते, ती संपत्तीची मालक आहे, ती खूश होते आणि खूश झाली की फळ देते. अशी पाच कलमं. आज कुठल्याही देवळाबाहेर उभं राहून दहा जणांना विचारा, पाचही कलमं तुम्हाला जशीच्या तशी मिळतील.

शबर ही पाचही कलमं एकेक करून फोडतो, आणि त्याची फोडायची स्टाईल भन्नाट आहे.

शरीराचा पुरावा काय? विरोधक ऋग्वेदातला मंत्र काढतो, ज्यात 'इंद्रा, तुझा उजवा हात आम्ही धरलाय' असं म्हटलंय. हात आहे म्हणजे शरीर आहे. शबर म्हणतो, अरे पण आपण खरंच कुठे धरलाय कुणाचा हात? मंत्रात जे वर्णन येतं ते स्तुती असते, त्यावरून हातपाय सिद्ध होत नाहीत. मग खाण्याचं. देवता खात असती तर आहुतीचं द्रव्य कमी झालं असतं, ते तर होत नाही. यावर विरोधक फार हुशार उत्तर देतो की देवता मधमाशीसारखी नुसता रस घेते, म्हणून तर देवापुढे ठेवलेलं अन्न नंतर बेचव लागतं. आणि शबरचं उत्तर काय, तर ते वाऱ्यावर राहून गार झालंय म्हणून बेचव लागतं! दीड हजार वर्षांपूर्वीच्या वैदिक पंडिताचं हे उत्तर आहे, ग्रुपवरच्या भाच्याचं नाही.

मालकीचा मुद्दा तर मला सगळ्यात आवडतो. लोक म्हणतात हे देवाचं गाव, हे देवाचं शेत, मग देव मालक नाही का? शबर म्हणतो, ही फक्त बोलायची पद्धत आहे. जो वस्तू आपल्या मर्जीनुसार वापरू शकतो तो तिचा मालक, आणि देवता काही गाव किंवा शेत स्वतःच्या मर्जीने वापरत नाही. आणि जी मालकच नाही ती दुसऱ्याला देणार काय? आता हे आपल्याकडच्या देवस्थान इनाम जमिनींच्या शेजारी ठेवून बघा. सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं नाव असतं, कोर्ट मूर्तीला कायद्याच्या भाषेत व्यक्ती धरतं, 2019 च्या अयोध्येच्या निकालात तर रामलल्ला स्वतः पक्षकार होते. कायद्याला ते सोयीचं आहे आणि त्यामागे कारणं पण आहेत, जमीन वहिवाटदाराने खाऊ नये म्हणून. पण शबरला सातबारा दाखवला असता तर त्याने आधी विचारलं असतं की पीक कोण नेतो.

एवढं सगळं झाल्यावर निकाल असा की यज्ञात कर्म मुख्य, देवता दुय्यम. देवतेचं नाव आहुती देताना घ्यावं लागतं, बस, तेवढंच तिचं काम. आणि नाव पण तेच घ्यायचं जे विधीत सांगितलंय. अग्नीला पावक म्हणून चालणार नाही, भले अर्थ एकच असो. पुढचे मीमांसक तर सरळ सांगतात की देवता ही मंत्रातच असते, मंत्राबाहेर तिला वेगळा पत्ता नाही.

जगाचा कर्ता म्हणून जो ईश्वर सांगतात त्याचं काय? तो कुमारिलने मोडीत काढला. त्याचा प्रश्न साधा आहे, निर्माण केलंच का? काही हेतू असल्याशिवाय मंदबुद्धी माणूस पण काही करत नाही. दयेपोटी केलं म्हणाल तर दया कुणावर, तेव्हा तर कुणीच नव्हतं. आणि दयेपोटी केलं असतं तर सगळे सुखीच केले असते की. गंमत म्हणजे हाच कुमारिल आपल्या ग्रंथाची सुरुवात डोक्यावर अर्धा चंद्र धारण करणाऱ्याला, म्हणजे शंकराला नमस्कार करून करतो. त्याच्या ग्रंथाचं विवरण लिहिणारे मग घाम गाळून सांगतात की नाही नाही, तो श्लोक यज्ञालाच लावता येतो, तिथला सोम म्हणजे चंद्र नव्हे, सोमरस वगैरे. लागतोही तो तसा. पण मला वाटतं कुमारिलला दोन्ही अर्थ हवे होते.

याहून भारी किस्सा खंडदेवाचा. 17 व्या शतकातला काशीचा मोठा मीमांसक. याने देवतेला शरीर नाही हे सगळं प्रकरण नीट, इमानदारीत सिद्ध केलं, आणि शेवटी लिहून टाकलं की हे जैमिनीच्या मताचं सार झालं, पण असं बोलून माझी वाणी विटाळते, म्हणून मला आता हरिस्मरणाचाच आधार. म्हणजे डोकं एका बाजूला आणि मन दुसऱ्या बाजूला, आणि त्याने ते लपवलं नाही, ग्रंथातच नोंदवून ठेवलं. आरतीला टाळ्या वाजवणाऱ्या नास्तिक भाच्याला उगाच ढोंगी म्हणण्याआधी हे आठवावं.

बरं मग देव घेत नाही, खात नाही, देत नाही, तर यज्ञ करायचा कशाला?

इथे दोन उत्तरं आहेत आणि त्यातलं एक मला पटत नाही. कुमारिलवाले म्हणतात की कर्मातूनच एक न दिसणारी शक्ती तयार होते, तिला अपूर्व म्हणतात. आहुती आज संपली, स्वर्ग मेल्यावर मिळणार, मधला वेळ ही अपूर्व नावाची शक्ती भरून काढते. देवाची गरज नाही, विधी बरोबर केला की फळ आपोआप. आता हे ऐकायला सिस्टीम म्हणून छान आहे पण खरं सांगायचं तर यात साहेबाला हाकललंय आणि त्याच्या जागी मशीन बसवलंय. पावसासाठी कारीरी नावाची इष्टी, म्हणजे छोटा यज्ञ, करायचे, पाऊस नाही आला तर काय? मग उत्तर तयार, विधीत काहीतरी चूक झाली असेल नाहीतर यजमानाचं जुनं पाप आड आलं असेल. ही पळवाट आजही जशीच्या तशी चालू आहे, कुठल्याही शांतीपूजेनंतर काम झालं नाही की ऐकायला मिळते.

कुमारिलच्या कित्येक शतकं आधी चीनमध्ये शुन्झी नावाचा कन्फ्यूशियसच्या परंपरेतला विचारवंत होऊन गेला, इसवीसनपूर्व 3 ऱ्या शतकात. त्याला विचारलं, पावसासाठी विधी केला आणि पाऊस आला, याचं कारण काय? तो म्हणाला, कारण काही नाही, विधी न करता पाऊस येतो तसाच तो आला. आणि तरी तो विधी बंद करा म्हणाला नाही. त्याचं म्हणणं, संकटात लोकांनी एकत्र येऊन आपली काळजी नीट, देखण्या पद्धतीने बोलून दाखवावी, त्यासाठी विधी असतो, शहाणा माणूस त्याला शोभा समजतो आणि बाकीचे त्यात भुतंखेतं बघतात. आपल्याकडे दुष्काळी गावांत पोरं अंगाला लिंबाचा पाला गुंडाळून 'धोंडी धोंडी पाणी दे' करत दारोदार फिरतात, घरोघरी बाया त्यांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात. पाणी नसलेल्या गावात प्रत्येक घराने थोडं पाणी बाहेर काढायचं. पावसाला याच्याशी काही देणंघेणं नाही, पण गावाला आहे.

मीमांसेतलं दुसरं उत्तर प्रभाकराचं. तो म्हणतो, फळाचं सोडा. आज्ञा आहे म्हणून करायचं. रोजचं अग्निहोत्र काही मिळवायला नसतं, ते करायचं असतं. कर्तव्य हे स्वतःच पुरेसं कारण आहे, त्याला पुढे गाजर बांधायची गरज नाही. हे कोरडं वाटतं, पण प्रामाणिक आहे, कारण यात कुणी काही वचनच देत नाही.

आणि या सगळ्यात एक गोष्ट आहे जी मला वाटतं देव नसला तरी उभी राहते. यज्ञाची जुनी व्याख्या तीन शब्दांची आहे, द्रव्य, देवता, त्याग. घरी वास्तुशांतीचा होम बघितला असेल तर आहुतीनंतर गुरुजी यजमानाकडून 'अग्नये इदं न मम' म्हणवून घेतात. हे अग्नीचं, माझं नाही. मीमांसक म्हणतात यागाचा गाभा या क्षणात आहे, वस्तूवरचा आपला हक्क सोडण्यात. घेणारा पोचपावती देतो का यावर ते अवलंबून नाही. यजमानाच्या बाजूने व्यवहार पूर्ण झाला. म्हणजे देणं शक्य आहे, घेणारा नसताना. तूप जळून गेलं, वाया गेलं, असं कुणी म्हणेल आणि तो आक्षेप खोटा नाही, पण तो तुपाबद्दलचा आक्षेप आहे.

हीच गोष्ट जैनांकडे आणखी स्वच्छ दिसते. जैन धर्मात जगाचा कर्ता नाही. तीर्थंकर मुक्त झालेत, वीतराग आहेत, तुम्ही पूजा केली म्हणून खूश होत नाहीत आणि शिव्या दिल्या तरी रागावत नाहीत. तरी कोल्हापूर-सांगली भागात कुठल्याही बस्तीत, म्हणजे जैन देवळात, सकाळी जा, जल, चंदन, अक्षता, फूल, नैवेद्य, दीप, धूप, फळ अशी अष्टद्रव्यांची पूजा चाललेली असते, आणि वाहिलेलं परत प्रसाद म्हणून घ्यायचं नसतं. सोडलं ते सोडलं. आचार्य समंतभद्रांनी एका स्तोत्रात हे दोन ओळींत मांडलंय, तुला पूजेशी काही कर्तव्य नाही, निंदेशीही नाही, तरी तुझ्या गुणांची आठवण आमचं चित्त धुऊन काढते. पूजेचा परिणाम पूजा करणाऱ्यावर. एवढं साफ लिहून ठेवलेलं असूनही लोक पद्मावतीदेवीकडे जाऊन मागणं मागतातच, कारण तीर्थंकर काही देत नाहीत हे माहीत असतं आणि पोराचं लग्न तर जमायला हवं असतं.

म्हणून देव नाही असं धरलं की सगळी पूजा एकदम रिकामी होत नाही, पण सगळी टिकते असंही नाही. नवस बुडतो, त्याला वाचवता येत नाही. पोरगं पास झालं तर चांदीचा पाळणा वाहीन, हा करार आहे आणि कराराला दोन पार्टी लागतात. कौल लावणं बुडतं. 'देवाच्या मनात असेल तर' हे पण बुडतं. आभार मानणं अर्धवट लटकतं, म्हणजे वाटतं तर खरं की आजचा दिवस चांगला गेला, कुणाला तरी सांगावं, पण कुणाला हे ठरत नाही. स्मरण टिकतं, सोडून देणं टिकतं, ठराविक वेळी ठराविक गोष्ट करणं टिकतं, चार लोकांनी एका सुरात ओरडणं तर नक्कीच टिकतं. मानसिक समाधान मिळतं म्हणून पूजा करा असं जे आजकाल सांगतात ते मला जरा पोकळ वाटतं, कारण समाधान मिळावं म्हणून केलेल्या पूजेत माणूस सारखा स्वतःलाच तपासत बसतो की मिळालं का, मिळालं का.

एक टोकाचं मत पण सांगून टाकतो. फ्रिट्स स्टाल नावाचे डच-अमेरिकन अभ्यासक होते, त्यांनी एप्रिल 1975 मध्ये केरळातल्या पांजाळ गावी नंबुद्री ब्राह्मणांचं अग्निचयन बघितलं, नोंदवलं, फिल्म केलं. 12 दिवसांचा यज्ञ, पक्ष्याच्या आकाराची विटांची वेदी, आणि बोकडांच्या जागी केळीच्या पानात गुंडाळलेलं तांदळाचं पीठ. यानंतर त्यांनी निष्कर्ष काढला की विधीला अर्थच नसतो. आत नियम असतात, एकापुढे एक, पक्ष्याच्या गाण्यात असतात तसे, आणि का करता विचारलं तर नंबुद्री म्हणतात आमच्या वाडवडिलांनी केलं म्हणून. स्टालच्या मते हेच सगळ्यात खरं उत्तर. मला हे अर्धंच पटतं. नियम पाळण्यातला आनंद खरा आहे, पण तांदळाचं पीठ ठेवायला जे भाग पडलं ते नियमातून नाही आलं, ते बाहेरून, लोकांच्या रागातून आलं.

आणि इथेच देवाविना पूजेची जी बाजू कुणी बोलत नाही ती येते. देव काढला तर ठरवणार कोण? मीमांसकांनी देवाला बाजूला बसवलं पण यज्ञाला कुणी बसायचं याची यादी अजिबात सैल केली नाही. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात हाच प्रश्न आहे, शूद्राला यज्ञाचा अधिकार आहे का. बादरी नावाच्या जुन्या आचार्याचं मत तिथे नोंदवलंय की सगळ्यांना आहे, वेदाने स्वर्ग हवा असणाऱ्याला यज्ञ सांगितलाय, आणि स्वर्ग कुणाला नको असतो? केवढं सरळ लॉजिक. जैमिनीने ते फेटाळलं. का, तर अग्नी स्थापन करायला तीनच वर्णांचा उल्लेख आहे. देवाला काय वाटेल असं म्हणून निदान दाद तरी मागता आली असती, इथे नुसते वाक्यांचे नियम, आणि नियम सांगणारे तेच.

हे काही पोथीतलंच राहिलं नाही. 1674 मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करायला काशीहून आलेले गागाभट्ट मीमांसेचेच पंडित, त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिलेत. तिथे पण सगळा पेच अधिकाराचाच होता, म्हणून 6 जूनच्या राज्याभिषेकाच्या आधी महाराजांची मुंज करावी लागली. 1899 मध्ये कोल्हापुरात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला भटजी वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे पुराणोक्त म्हणत होते, त्यावरून वेदोक्त प्रकरण पेटलं आणि वर्षानुवर्षं चाललं. त्या आख्ख्या वादात देव ऐकतोय की नाही हा कुणाचाच प्रश्न नव्हता.

देव ठेवला की दार उघडतं असंही नाही म्हणा, चोखोबा विठ्ठलाचेच होते आणि पायरीशीच राहिले, पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हायला 1947 उजाडलं आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्यांनी मीमांसकांच्या बरोबर उलटं केलं, निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, ठेवला आणि मधला भट काढून टाकला. लग्नं पुरोहिताशिवाय लागायला लागली.

आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी देव आणि भट दोन्ही काढून टाकले. 22 प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण यांना देव मानणार नाही हे आहे, ब्राह्मणाकरवी कुठलाही विधी करणार नाही हे आहे. बुद्ध देव नाही, तो गेलाय, तो ऐकत नाही. तरी वंदना राहिली. विहारात फुलं वाहताना जी पाली गाथा म्हणतात तिच्यात बुद्धाकडे काही मागणं नाही, या पुण्याने मोक्ष मिळो आणि हे फूल जसं कोमेजतं तसा माझा देहही नाशाकडे चाललाय, असं आहे. म्हणायला भटजी लागत नाही, गल्लीतली आजी सुरू करते आणि बाकीचे मागून म्हणतात, पाठ असलेली पोरगी असेल तर तीच पुढे बसते. आता परीक्षेच्या दिवसांत त्याच मूर्तीपुढे मेणबत्ती लावून 'यंदा गणितात काढ' म्हणणारी पोरं पण सापडतात, आणि 22 प्रतिज्ञा त्यांनाही तोंडपाठ असतात.